तबली फुगली: एका हलक्या गिटारीचे तीन पावसाळे

विमानप्रवासाच्या आदल्या रात्री सगळ्या घरात शोधला जातो तो बॅगा मोजायचा हुकवाला काटा, त्याला माझी गिटार लटकवली की आकडा येतो १.६२ किलो. माझी जुनी ड्रेडनॉट, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या पाठीवर दिसते ती मोठ्या पोटाची, ती त्याच काट्यावर २.२० भरते. फरक जेमतेम सहाशे ग्रॅमचा, पण पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं आतलं काहीतरी काढून ठेवलंय आणि परत लावायला विसरलेत. तार छेडली आणि पोटाला धरलेला हात थरथरला, म्हणजे आवाज कानाला कळायच्या आधी बरगड्यांना कळला. तिथंच मी फसलो.

हे लिहितोय ते गिटार कशी छान आहे ते सांगायला नाही. ही गिटार मी पहिल्या वर्षात स्वतःच्या हातानं जवळजवळ बिघडवली आणि मग दोन वर्षं ती सुधारण्यात घालवली, तो सगळा प्रकार क्रमानं, मोजमापांसकट लिहून ठेवतोय. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्याकडे कुणी अशी जुन्या धाटणीची हलकी गिटार घेत असेल तर त्याच्या उपयोगी पडेल. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात बनवणाऱ्याची चूक काहीच नव्हती आणि नाव आलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

तर घेतली २०२२ च्या फेब्रुवारीत, सेकंडहँड, बांद्र्याच्या एका गृहस्थाकडून, जो देश सोडून चालला होता. लहान बॉडी, कंबर बारीक, वरचं लाकूड स्प्रूस आणि बाजू-पाठ महोगनी. मान व्ही आकाराची, म्हणजे मागून हात फिरवला तर होडीच्या तळासारखी धार लागते. तारेची लांबी पावणे पंचवीस इंच. आणि आतून मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. हे आडवं-उभं प्रकरण पुढे फार महत्त्वाचं ठरलं, तेव्हा मला त्याची अक्कल नव्हती.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय 'हलकी' म्हणजे काय ते कळणार नाही. ही जात मूळची अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. मंदीचे दिवस, लोकांकडे पैसे नाहीत, आणि मिशिगनमधल्या कलमझू गावात गिब्सनचा कारखाना, तर त्यांनी गावाच्याच नावानं एक स्वस्तातला ब्रँड काढला. आतल्या पट्ट्या कमी, सजावट जवळजवळ नाही, आणि मानेतला तो फिरवता येणारा लोखंडी ट्रस रॉड पण नाही. गंमत म्हणजे तो रॉड त्यांच्याच कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यूच्या डोक्यातून निघालेला, १९२३ चं पेटंट, पण स्वस्त गिटारींच्या वाट्याला आला नाही. कंजुषीतून झालेल्या या गिटारी इतक्या हलक्या आणि इतक्या मोकळ्या आवाजाच्या निघाल्या की ऐंशी वर्षांनी लोक त्यांच्या नकला महागात विकत घ्यायला लागले! २०१४ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनच्या बिल कॉलिंग्सनं कलमझूच्या केजी-१४ मॉडेलवरून वॉटर्लू नावाची लाइन काढली (वॉटर्लू हे ऑस्टिनचं जुनं नाव, १८३९ च्या आधीचं, नेपोलियनचा काही संबंध नाही), आणि मग या प्रकारात बरेच जण उतरले. माझी त्याच घराण्यातली, लांबची बहीण म्हणा.

आता दुसरी बाजू. त्या काळच्या गिटारी हलक्या राहू शकल्या त्याला बनवणाऱ्याइतकेच वाजवणारेही जबाबदार. पुढे लोक जाड तारा लावायला लागले, आवाज मोठा हवा म्हणून, आणि वरचं लाकूड उचकटायला लागलं. मार्टिन कंपनीनं तर १९४४ च्या शेवटाला आतल्या पट्ट्या खरवडून हलक्या करणं बंदच करून टाकलं, जाड तारांपुढे त्या टिकत नव्हत्या म्हणून. म्हणजे गिटार जड झाली ती तारांमुळे. हे मी वाचलेलं होतं बरं का. वाचलेलं असून मी काय केलं, तर घरी आणल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिला १३ नंबरचा तारांचा सेट चढवला (नंबर जितका मोठा तितक्या तारा जाड). का, तर 'जुना टोन' हवा तर जाड तारा लावा असं कुणीतरी छातीठोकपणे सांगताना ऐकलं होतं. शहाण्यानं काय ते समजावं.

मार्च ते मे मजेत गेले. आवाज खरंच मोठा झाला. मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, तारांची उंची, ज्याला ॲक्शन म्हणतात, ती मी सवयीनं मोजून लिहून ठेवली होती: सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार २.३ मिलिमीटर, पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, १.७. हे आकडे चांगले आहेत, बोटांना त्रास नाही आणि तारा कुठे घासत नाहीत. हे दोन आकडे लिहून ठेवले हे त्या वर्षात मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम.

जूनच्या शेवटी बोटं दुखायला लागली. मला वाटलं सराव कमी झालाय. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीत चार दिवस सूर्य दिसला नव्हता, टॉवेल वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत मिठाचा चिखल झाला होता, तेव्हा एकदा बसून मोजलं तर सहावी तार ३.२ आणि पहिली २.४. जवळजवळ एक मिलिमीटर वर. ज्यांनी गिटार धरली नाही त्यांना एक मिलिमीटर म्हणजे काहीच वाटणार नाही, पण वाजवणाऱ्याला तो जिन्याच्या प्रत्येक पायरीला दोन इंच उंची वाढवल्यासारखा आहे, एफची बार कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या ती, धरताना हात अक्षरशः कापतो.

मग पहिला उपचार. ट्रस रॉड. (माझ्या गिटारीत आहे, मूळच्या कलमझूसारखी ती अगदीच निराधार नाही.) मी ॲलन की घेतली आणि पाव फेरा आवळला, मग परत पाव. ॲक्शन ३.२ ची २.९ झाली आणि मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पहिल्या तीन पट्ट्यांवर सगळ्या तारा करकरतायत. म्हणजे मान मागे वाकली होती. आता हे नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथंच चुकतात आणि मीही त्या नव्वदांत होतो. ट्रस रॉड हा मानेचा बाक सरळ करण्यासाठी असतो, तारेची उंची कमी करण्यासाठी नाही. बाक बघायचा तर पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा, मान जिथं पोटाला मिळते त्या पट्टीवर सहावी तार दाबा, आणि सहाव्या-सातव्या पट्टीपाशी तार आणि पट्टी यांच्यात किती फट आहे ते बघा. साधारण पाव मिलिमीटरच्या आत, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल न सरकेल एवढी फट असली की मान बरोबर आहे, तिला हात लावायचा नाही. माझी मान बरोबर होती. आजारी दुसराच होता आणि मी औषध मानेला देत होतो.

दुसरा उपचार दुरुस्तीवाल्याकडे. मोठं दुकान, नाव नाही लिहीत. तिथल्या मुलानं ट्रस रॉड पहिल्यासारखा करून दिला, त्याबद्दल त्याचे आभार, मग ब्रिजवरचं (ब्रिज म्हणजे पोटावर चिकटवलेला लाकडी ठोकळा, ज्यात तारा अडकवतात) सॅडल, म्हणजे हाडाची ती पांढरी पट्टी जिच्यावर तारा टेकतात, ती काढली आणि म्हणाला, "सर, दीड एमएम घासतो, एकदम बटर होईल." झाली पण. गणित सरळ आहे, बारावी पट्टी ही तारेच्या बरोबर मध्यावर असते, म्हणून सॅडल दीड मिलिमीटर कमी केलं की बाराव्या पट्टीवर पाऊण मिलिमीटर कमी होतं. ३.२ ची २.४५ झाली. बोटं खूश. त्यानं आधी विचारलं नाही की ही उंची वाढली कशी, आणि मीही विचारलं नाही. फक्त आवाज थोडा बसल्यासारखा वाटला. तारा सॅडलवरून मागे खाली उतरतात तो उतार कमी झाला होता, तारेचा सॅडलवरचा दाब कमी, म्हणून. तेव्हा वाटलं पावसाळी हवा आहे, असेल.

ऑक्टोबर गेला, थंडी पडली, आणि डिसेंबरच्या शेवटाला गिटार एखाद्या सतारीसारखी झणझणायला लागली. कुठंही वाजवा, झण्ण. मोजलं: सहावी तार १.५. इतकं खाली तर इलेक्ट्रिक गिटारवाले ठेवतात.

इथं मावशी येते. मावशी वीस वर्षं गाणं शिकतेय, घरी मिरजेचा तंबोरा आहे, आणि ती संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली तेव्हा मी गिटार घेऊन कपाळाला हात लावून बसलो होतो. मी एक तार छेडून दाखवली. ती म्हणाली, "अरे वा, जवारी काय सुरेख लागलीय!" (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची ती मुद्दाम आणलेली झणझण.)

मी म्हटलं, "मावशी, गिटारीला जवारी नको असते गं. हा बिघाड आहे."

"मग लागली कशी?"

मी सगळं सांगितलं, जुलैत उंची वाढली, मग सॅडल घासलं वगैरे. तिनं गिटार आडवी धरून खिडकीच्या उजेडात डोळ्याच्या रेषेत बघितली, जसं तंबोऱ्याची दांडी बघतात, आणि तळव्यानं वरचं लाकूड हलकेच दाबलं. म्हणाली, "आत्ता तबली बसलीय हिची. म्हणजे पावसात फुगली होती. आणि फुगलेली असताना तू घोडी घासलीस. अरे लाकूड पाणी पितं. माझ्या तंबोऱ्याच्या खुंट्या श्रावणात दोन हातांनी फिरत नाहीत आणि मार्चमध्ये आपोआप सुटतात, मग काय मी श्रावणात खुंट्या तासायला घेते काय?"

एवढंच निदान. जे काम मी सहा महिन्यांत आणि एका दुकानात पैसे देऊन केलं नाही ते मावशीनं तिळगूळ चघळत दोन मिनिटांत केलं. तबली, म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावरचं ते लाकडी झाकण ज्यावर घोडी बसते. गिटारीचं वरचं लाकूड म्हणजे तिची तबलीच की. माझ्याकडे इतकी वर्षं त्यासाठी 'टॉप' हाच शब्द होता आणि टॉप म्हटलं की ते काहीतरी पक्कं, कारखान्यात बनलेलं वाटतं, तबली म्हटलं की लगेच कळतं की हे श्वास घेतंय.

मग मी कामाला लागलो, यावेळी नीट. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. गिटारीच्या वरच्या लाकडाच्या रेषा मानेच्या दिशेनं उभ्या असतात, म्हणजे पाणी प्यालं की ते रुंद व्हायला बघतं. पण आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत आणि त्या पट्ट्या स्वतःच्या लांबीत वाढत नाहीत. आता रुंद व्हायला जागा नाही म्हटल्यावर लाकूड जाणार कुठं, बाहेर, वरच्या बाजूला. पोट येतं. ब्रिज त्या पोटावर बसलेला, तोही वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. कोरड्या हवेत बरोबर उलटं, पोट आत जातं, तारा खाली बसतात. हे प्रत्येक गिटारीत होतं, पण जाड लाकूड आणि जाड पट्ट्या असल्या तर कमी होतं. माझ्यासारख्या गिटारीत ते लाकूड अडीच-तीन मिलिमीटरचं, त्यात शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या. फुलीच्या आकाराच्या पट्ट्या असत्या तर ब्रिजला मागेपुढे कलंडताना थोडा आधार मिळाला असता, शिडीत तो आधार जवळजवळ नाहीच, उभ्या दिशेला लाकूडच काय ते सांभाळतं. आणि या सगळ्यावर मी बांधलेला १३ नंबरचा सेट.

तारांचा ताण किती असतो याची लोकांना कल्पना नसते. नेहमीच्या लांबीच्या, म्हणजे साडेपंचवीस इंचाच्या आसपासच्या गिटारीवर १२ नंबरचा सेट साधारण १६० पौंड, म्हणजे ७२-७३ किलोनं ओढत असतो, चोवीस तास. एक मोठा माणूस ब्रिजला लटकलाय असं समजा. १३ चा सेट त्याहून दहा-बारा किलो जास्त, ११ चा सहा-सात किलो कमी. माझी लांबी पावणे पंचवीस असल्यामुळे यातून पाचेक टक्के सूट मिळते. आणि सगळी गिटार अर्धा स्वर उतरवली तर ताण आणखी ११ टक्के कमी होतो, कारण ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गानं बदलतो. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा कळलं की १३ चा सेट आणि नेहमीचा सूर, आणि ११ चा सेट आणि अर्धा स्वर खाली, या दोघांत साधारण २३-२४ किलोंचा फरक आहे. तांदळाचा एक २५ किलोचा कट्टा! भर पावसात फुगलेल्या तबलीवर मी तो कट्टा जास्तीचा ठेवला होता.

जानेवारीतच १३ च्या तारा काढल्या. ११ च्या लावल्या आणि सूर अर्धा स्वर खाली ठेवला. आवाज लहान झाला असं पहिले दोन दिवस वाटलं, तिसऱ्या दिवशी उलटंच वाटायला लागलं, आणि हे मनाचे खेळ नाहीत. तारेकडे ऊर्जा मुळात थोडीशी असते, ती हलक्या लाकडाला पटकन हलवते, म्हणून अशा गिटारीचा पहिला टणका मोठा आणि लगेच येतो, आणि ऊर्जा लवकर खर्चली म्हणून स्वर लवकर विरतोही. ताण फार झाला की तेच लाकूड आवळल्यासारखं होतं, हलायला मागत नाही. म्हणजे जाड तारा लावून मी जी गोष्ट विकत घेतली होती तिचाच गळा धरला होता.

(अनपेक्षित फायदा एक झाला. मावशीची गायची पट्टी काळी चार. अर्धा स्वर उतरवलेल्या गिटारीवर साधी उघडी ए कॉर्ड धरली की ती बरोबर काळी चारला पडते. आधी कॅपो लावून जी कॉर्ड धरायचो, आता मोकळ्या तारा मिळतात आणि खालचा षड्ज घुमतो. नेहमीच्या सुरात कुणाबरोबर वाजवायचं असेल तर पहिल्या पट्टीवर कॅपो, झालं.)

मग हवा. ह्युमिडिटी मोजायचा छोटा डिजिटल मीटर घेतला, काहीशे रुपयांचा, आणि पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं ते खरं मानलं नाही हे बरं केलं. तपासायची घरगुती पद्धत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, जेमतेम ओलं करा, पातळ नाही, चिखलासारखं, आणि ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांना स्थिरावते. माझा मीटर ६८ दाखवत होता. म्हणजे सात कमी. मग त्यावर मार्करनं 'अधिक ७' लिहून टाकलं. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतं असं बहुतेक सगळे बनवणारे सांगतात. आमच्या हॉलमध्ये फेब्रुवारीत दुपारी ४८ आणि जुलैत ८६. आता सांगा.

एसी चोवीस तास चालवणं परवडत नाही. डीह्युमिडिफायरचा विचार केला, पण खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात तो म्हणजे रस्त्यावरची धूळ झाडण्यासारखं. शेवटी ठरलं की घर कोरडं करायचं नाही, पेटी कोरडी करायची. हार्डकेस, त्याच्या कडेच्या रबरापाशी जिथं फट होती तिथं खिडक्यांना लावतात तसली फोमची पट्टी, आत मीटर, आणि कापडी पिशवीत दोनशे ग्रॅम सिलिका जेल, तो रंग बदलणारा. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतायचा, पोहे भाजतो तसा, आणि थंड करून परत पिशवीत. (आईचा तवा नाही. वेगळा तवा. यावर घरात सविस्तर चर्चा झालेली आहे.) ओल शोषणारी आणि सोडणारी, अशी दोन्हीकडून काम करणारी पाकिटं मिळतात, ४९ टक्क्यांची, ती कोरड्या हवेच्या देशात छान चालत असतील, पण आमच्या जुलैत ती पाणी पिऊन आठवड्यात टम्म व्हायची, आणि स्वस्त नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, नियम असा केला की वाजवून झाली की पेटीत. स्टँडवर नाही, भिंतीवर नाही. भिंतीवर टांगलेली गिटार फार देखणी दिसते, पावसाळ्यात बाहेरची भिंत म्हणजे ओला स्पंज असतो हे लक्षात घ्या.

आणि सॅडल. घासलेलं हाड परत वाढत नाही, म्हणून नवीन करावं लागलं. म्हशीच्या हाडाचा तयार तुकडा मिळतो, तो घेऊन मी स्वतः केला, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासत घासत, दोन संध्याकाळी गेल्या आणि घरभर दाताच्या दवाखान्यासारखा वास. मूळच्या उंचीचं केलं. जुनं घासलेलं फेकलं नाही. आता माझ्याकडे दोन आहेत, उंच ते उन्हाळी आणि बुटकं ते पावसाळी, पेन्सिलनं खालच्या बाजूला 'उ' आणि 'पा' लिहिलंय. तारा सैल करायच्या, एक काढून दुसरं बसवायचं, पंधरा मिनिटांचं काम. स्वेटर आणि रेनकोटसारखं. दुकानातल्या त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो हसला, मग म्हणाला, "सर, कल्पना वाईट नाही."

२०२३ चा पावसाळा. पेटीत ५५ ते ५९ राहिलं, एकदा जुलैच्या शेवटाला चार दिवस गावाला गेलो तेव्हा ६४ झालं. ॲक्शन २.३ ची २.६. मागच्या वर्षी ३.२. पावसाळी सॅडल लावलंच नाही त्या वर्षी, गरज पडली नाही, म्हणजे इतक्या हौसेनं नाव दिलं आणि ते डबीतच राहिलं.

वाजवण्याबद्दल सांगायचं राहिलं, आणि खरं तर बदल तिथंच जास्त झाला. मी मूळचा जोरात स्ट्रम करणारा, कॉलेजच्या कट्ट्यावर शिकलेला, तिथं ऐकू येणं हेच पहिलं कौशल्य. या गिटारीवर जोर लावला की एका मर्यादेनंतर आवाज वाढत नाही, नुसता चपटा होतो, तारा फडफडतात. जाड प्लेक्ट्रम टाकून दिलं. बोटाच्या मांसानं वाजवायला लागलो, नखानं नाही, अंगठा ब्रिजपासून जरा लांब. मग लक्षात आलं की हिच्यात जोराच्या बाजूला जागा नाही पण हळूच्या बाजूला प्रचंड जागा आहे. ड्रेडनॉट हळू वाजवली की ती झोपते. ही हळू वाजवली तरी जागी असते. रात्री साडेअकराला शेजाऱ्यांना न उठवता वाजवता येते आणि तरी वाजवल्याचं समाधान मिळतं. व्ही आकाराच्या मानेचं पण तसंच, पहिला महिना अंगठ्याखाली टोचते, मग अंगठा वरून सहाव्या तारेवर आणायची सवय लागते आणि बार कॉर्ड निम्म्या कमी लागतात.

तोटे पण लिहितो नाहीतर जाहिरात वाटेल. चारचौघांत ही हरते. सोसायटीच्या कोजागिरीला गच्चीवर मी ही घेऊन गेलो, समोर एकानं ड्रेडनॉट काढली, शिवाय ढोलकी, आणि मी तासभर मूकनाट्य केलं. माझ्या हाताकडे बघून लोकांना वाटलं असेल की वाजवतोय. पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज स्पीकरला देणारा आतला माइक, बसवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण त्यासाठी आत वायर, बॅटरी, बुडाला भोक, आणि ज्या गिटारीचं सगळं भांडवल वजन नसणं हे आहे तिच्यात दोनशे ग्रॅम घालायचं मला जमलं नाही. अशा कार्यक्रमांना आता जुनी ड्रेडनॉट नेतो. ती बिचारी जुलैत हॉलच्या कोपऱ्यात उघडी उभी असते आणि तिचं काहीही होत नाही. जाडपणाचेही फायदे असतात, मी मान्य करतो.

एक जण विचारत होता की एवढी कटकट तर घेतली कशाला. त्याला मी तंबोऱ्याचं सांगितलं. आमच्याकडे मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतारी-तंबोरे बनतायत, २०२४ मध्ये दोघांना जीआय मानांकनही मिळालं, आणि ते वापरणारं कुणीही असं म्हणत नाही की वाद्य हवेनुसार बदलतं म्हणजे ते बिघडलं. मावशी बैठकीआधी वीस मिनिटं तंबोरा लावते, जवारीचा दोरा कणभर पुढे-मागे करते, मणी सरकवते, आणि त्यात तिला कटकट वाटत नाही, ते गाण्यातच धरलेलं आहे. गिटार मात्र आपण मिक्सरसारखी वापरतो, प्लग लावला की चाललंच पाहिजे.

तिसरा पावसाळा, २०२४. तारा ११ च्या, सूर अर्धा स्वर खाली, पेटीत ५६-५८, जुलैच्या शेवटाला ॲक्शन २.५५. सगळं ठीक असं लिहून वही बंद करणार होतो, तेवढ्यात सवयीनं ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघितला. साधा वहीचा कागद, ब्रिज आणि लाकूड यांच्यात जाता कामा नये. डाव्या कोपऱ्यात गेला. चार मिलिमीटर. हे त्या पहिल्या पावसाळ्याचं देणं आहे की त्या गृहस्थाकडेच होतं ते आता कळायला मार्ग नाही, कारण घेताना मी कागद सरकवून बघितलाच नव्हता, मी आवाज ऐकून हरवलो होतो.

एका जाणत्या कारागिराला फोटो पाठवला. ते म्हणाले, "आत्ता हात लावू नका. चारचं सहा झालं तर घेऊन या, ब्रिज काढून परत चिकटवू. पावसाळ्यात तर अजिबात नाही, लाकूड कोरडं झाल्यावर." मी विचारलं किती वेळ थांबू शकतो, तर म्हणाले कागद सांगेल. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला कागद सरकवतो आणि जिथवर गेला तिथं पेन्सिलनं खूण करून तो कागद वहीत लावतो. ऑगस्ट, चार. सप्टेंबर, चार. ऑक्टोबर, चारला किंचित कमी, पण तो माझा हातही असेल.